वेतनकराराचे अनुमोदन

सामुदायिक सौद्यात मालक व कामगार संघ यांच्या प्रतिनिधींनी ठरविलेल्या कराराच्या मसुद्यावर संघाच्या सभासदांनी स्वीकाराचा अथवा नकाराचा कौल देणे, यास वेतनकराराचे अनुमोदन म्हणतात. हा कौल उघड सभेत हात वर करून, गुप्त मतपत्रिकेने किंवा सभासदांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या परिषदेत घेतला जातो. मसुदा नाकारला गेल्यास वाटाघाटी पुन्हा सुरू होतात किंवा संप होतो. संप आधीच चालू असल्यास तो लांबतो. संप केव्हा करावा, या प्रश्नाची कामगार चळवळीच्या इतिहासात पुष्कळ चर्चा झाली आहे. संप कोठे थांबवावा आणि काय पदरात पाडून घेऊन थांबवावा हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः संघातील सत्ता पुढाऱ्यांच्या हाती आहे की सभासदांच्या, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून अधिक स्पष्टपणे कळते.

कामगाराच्या दृष्टीनेही हा निर्णय संपाच्या निर्णयापेक्षा अवघड असतो. संपाच्या मतदानात तो एका मागणीच्या बाजूने उभा राहतो. अनुमोदनाच्या वेळी त्याच्यापुढे अनेक कलमांचा एकच गठ्ठा ठेवलेला असतो आणि त्याला त्यावर फक्त होय किंवा नाही एवढेच म्हणता येते. वेतनवाढ चांगली पण निवृत्तिवेतनाचे कलम वाईट असेल, तर एक घेऊन दुसरे टाकण्याची सोय नसते. तरुण कामगाराला रोख वाढ हवी असते, साठीकडे झुकलेल्याला निवृत्तिवेतन हवे असते, घरात आजारी माणूस असलेल्याला औषधोपचाराची सवलत हवी असते. या सर्वांची मते एकाच पेटीत पडतात. नाही म्हटल्यावर येणारा पुढचा मसुदा अधिक चांगला असेल की वाईट, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. वाण्याची उधारी, थकलेले घरभाडे, संघाच्या संपनिधीतील शिल्लक आणि मालकाच्या गोदामातील मालाचा साठा यांचा मनाशी हिशेब करून प्रत्येकाला आपले मत द्यावे लागते. उलटपक्षी मालकांचा एक जुना आक्षेप आहे. ज्यांच्याशी बोलणी करावयाची त्यांना अखेरचा शब्द देण्याचा अधिकार नसेल, तर आम्ही तरी अखेरचा आकडा आधी का सांगावा, असे ते म्हणतात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मसुदा एकदा नाकारला गेल्यावर थोडे अधिक मिळते असा अनुभव आला, की पहिला मसुदा नाकारण्याची रीतच पडून जाते, असे काही उद्योगांत दिसून आले आहे.

आरंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील कारागिरांचे संघ लहान असत. गावातील एखाद्या मद्यगृहात सभासद जमत, मालकाचे म्हणणे ऐकत आणि तेथल्या तेथे निर्णय घेत. सिडनी व बिआट्रिस वेब या दांपत्याने इंडस्ट्रियल डेमॉक्रसी (१८९७) या ग्रंथात या पद्धतीचे तपशीलवार वर्णन केले असून तीस लोकशाहीची प्राथमिक अवस्था मानले आहे. संघ देशव्यापी झाल्यावर आणि करार गुंतागुंतीचे झाल्यावर ही पद्धत टिकणे शक्य नाही, निवडलेल्या प्रतिनिधींकडे व जाणकार अधिकाऱ्यांकडे काम सोपविणे अपरिहार्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्यासमोर लँकाशरच्या कापड गिरण्यांचे उदाहरण होते. तेथील नगावर वेतनाचे दरपत्रक इतके किचकट होते, की संघाचे चिटणीस नेमताना उमेदवारांची अंकगणिताची लेखी परीक्षा घेतली जाई. असे दरपत्रक हात वर करून मंजूर किंवा नामंजूर करणे व्यवहार्य नाही, हे वेब दांपत्याचे म्हणणे पटण्याजोगे आहे. तथापि दरपत्रक ज्याच्या मजुरीला लागू व्हावयाचे, त्याला त्याचा परिणाम समजत नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रतिनिधी आणि सभासद यांच्यातील हा ताण १९१२ साली ब्रिटनच्या कोळसा खाणींत ठळकपणे प्रकट झाला. प्रौढ खाणकामगारास पाळीमागे किमान ५ शिलिंग व मुलास २ शिलिंग मिळावेत, या मागणीसाठी सु. दहा लाख खाणकामगारांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून संप केला. सरकारने मार्चमध्ये किमान वेतनाचा कायदा संमत करून घेतला. परंतु त्यात ५ व २ शिलिंगांचे आकडे घातले नाहीत, ते ठरविण्याचे काम जिल्हा मंडळांवर सोपविले. या अटीवर कामावर परतावे काय, असे संघाने सभासदांना विचारले. सु. २,०१,००० मते परतण्याच्या बाजूने, तर सु. २,४४,००० मते विरुद्ध पडली. म्हणजे बहुमताने नकार दिला होता. परंतु संप सुरू करण्यास दोन-तृतीयांश बहुमत लागते, तेव्हा तो चालू ठेवण्यासही तेवढेच लागेल, असा अर्थ कार्यकारिणीने लावला आणि एप्रिलच्या आरंभी संप मागे घेतला. संपनिधी आटत आला होता व लाखो मतदारांनी मतच दिले नव्हते, या गोष्टी कार्यकारिणीच्या बाजूने सांगता येतात. नियमाच्या एका वाचनाने चाळीस हजारांहून अधिक मतांचे आधिक्य निरर्थक ठरले, हेही तितकेच खरे.

त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे याच्या अगदी उलट घडले. मॅसॅचूसेट्स राज्यातील लॉरेन्स येथील लोकर व कापूस गिरण्यांत कायद्याने आठवड्याचे तास ५६ वरून ५४ झाले, तेव्हा मालकांनी त्या प्रमाणात मजुरी कापली. जानेवारी १९१२ मध्ये वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. त्यांत इटालियन, पोलिश, लिथुएनियन, सिरियन इ. अनेक राष्ट्रांतून आलेले स्त्रीपुरुष होते आणि पुष्कळांना इंग्रजी येत नव्हते. इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड या संघटनेच्या मार्गदर्शनाखाली प्रत्येक राष्ट्रीयत्वाच्या कामगारांनी आपले प्रतिनिधी संप समितीवर पाठविले. भाषणे व ठराव त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगितले जात. मार्चमध्ये अमेरिकन वूलन कंपनीने ५ ते २५ टक्के वाढ देऊ केली. तीत सर्वांत कमी मजुरीच्या कामगारास सर्वांत जास्त टक्के मिळावयाचे होते. १४ मार्च रोजी गावच्या मैदानावर भरलेल्या प्रचंड सभेत कामगारांनी हा देकार स्वीकारला. या संघटनेला मुदतीचे लेखी करार करणेच तत्त्वतः अमान्य होते; त्यामुळे सभेने जे स्वीकारले त्याला पुढे टिकवून धरणारी यंत्रणा राहिली नाही आणि मिळालेल्या लाभांपैकी बराचसा भाग पुढील काही वर्षांत निसटला. सर्वांनी मिळून होकार देणे आणि त्या होकाराचे रक्षण करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे लॉरेन्सच्या उदाहरणावरून दिसते.

अमेरिकेतील कायद्याने अनुमोदनाला उत्तेजन दिले, पण ते सक्तीचे केले नाही. १९३५ च्या वॅग्नर अधिनियमाने बहुसंख्य कामगारांच्या संघाला सर्वांच्या वतीने सौदा करण्याचा एकमेव अधिकार दिला. केलेला करार सभासदांपुढे ठेवलाच पाहिजे असे म्हटले नाही. १९५९ च्या लँड्रम-ग्रिफिन अधिनियमाने संघांतर्गत मतदानात सर्व सभासदांना समान हक्क दिला. मतदान घ्यावयाचे की नाही, हे संघाच्या घटनेवर सोडले. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली अधिनियमात मात्र एक नमुनेदार तरतूद आहे. राष्ट्रीय आणीबाणी निर्माण करणाऱ्या संपास न्यायालयाने ८० दिवसांची मनाई केल्यास त्या मुदतीच्या अखेरीस मालकाच्या शेवटच्या देकारावर कामगारांचे गुप्त मतदान घ्यावे, असे तीत सांगितले आहे. पुढारी भडक असतात, सामान्य कामगार समंजस असतो आणि त्याला थेट विचारल्यास तो देकार पत्करील, अशी कायदा करणाऱ्यांची समजूत होती. अनुभव याच्या विरुद्ध आला. अशा मतदानांत कामगारांनी बहुतेक वेळा पुढाऱ्यांच्या बाजूने कौल देऊन मालकाचा देकार फेटाळला.

अनुमोदनाचा हक्क मिळविण्यासाठी सर्वांत मोठी किंमत मोजली ती अमेरिकेतील कोळसा खाणकामगारांनी. युनायटेड माइन वर्कर्स या त्यांच्या संघाचे अध्यक्षपद १९२० ते १९६० अशी चाळीस वर्षे जॉन एल्. लूइस यांच्याकडे होते. लूइस यांनी खाणकामगारांना उत्तम वेतन आणि १९४६ च्या करारान्वये आरोग्य व निवृत्ती निधी मिळवून दिला. या निधीतून ॲपालॅचियाच्या डोंगराळ भागात १९५६ मध्ये दहा रुग्णालये उघडली गेली आणि ज्या वस्त्यांत डॉक्टर दिसत नसे तेथे मोफत उपचार पोहोचले. पण करार लूइस करीत आणि सभासदांना तो झाल्यावर कळे. जिल्हा शाखांवरील पदाधिकारीही बहुधा वरूनच नेमले जात. जोपर्यंत करार चांगले होते, तोपर्यंत या व्यवस्थेविरुद्ध फारशी तक्रार झाली नाही. यांत्रिकीकरणाने लाखो नोकऱ्या गेल्या, १९६८ मध्ये फार्मिंग्टन येथील स्फोटात ७८ खाणकामगार मरण पावले आणि कोळशाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार घरोघर दिसू लागला, तेव्हा असंतोष उफाळून आला. १९६९ मध्ये तत्कालीन अध्यक्ष टोनी बॉइल यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लॉन्स्की यांनी निवडणूक लढविली. ते पराभूत झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री, पत्नी व कन्येसह, त्यांचा घरात खून करण्यात आला. या खुनाच्या कटाबद्दल बॉइल पुढे दोषी ठरले. न्यायालयाने ती निवडणूक रद्दबातल ठरविल्यावर १९७२ मध्ये नव्याने मतदान झाले आणि सुधारणावाद्यांचे उमेदवार आर्नल्ड मिलर अध्यक्ष झाले. त्यानंतर संघाच्या घटनेत दुरुस्ती होऊन करारावर मत देण्याचा हक्क सभासदांना मिळाला. १९७४ चा करार सु. ५६ टक्के मतांनी मंजूर झाला. या संघाच्या इतिहासात राष्ट्रीय करारावर सभासदांनी मत देण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

या हक्काची खरी कसोटी पुढच्या करारापाशी लागली. १९७७ च्या उन्हाळ्यात आरोग्य निधीला तूट आली म्हणून खाणकामगारांच्या मोफत उपचारांवर कपात लादण्यात आली व त्याविरुद्ध अनेक आठवडे उत्स्फूर्त संप झाले. ६ डिसेंबर १९७७ रोजी करार संपताच सु. १,६०,००० खाणकामगार बाहेर पडले. खाणमालकांच्या संघटनेला उत्स्फूर्त संपांचा बंदोबस्त हवा होता. कामगारांना उपचारांची जुनी सवलत आणि वृद्ध निवृत्तांच्या तुटपुंज्या वेतनात वाढ हवी होती. संघाजवळ संपभत्ता देण्याइतका पैसा नव्हता. मालकांजवळ कोळशाचे मोठे साठे होते आणि पश्चिमेकडील संघबाह्य खाणी चालू होत्या. अशा स्थितीत कामगार मिळेल ते घेऊन परततील, असा अनेकांचा अंदाज होता.

मिलर यांनी केलेला पहिला मसुदा सभासदांपर्यंत पोहोचलाच नाही. संघाच्या सौदा परिषदेनेच १२ फेब्रुवारी १९७८ रोजी तो ३० विरुद्ध ६ मतांनी फेटाळला. उत्स्फूर्त संपात भाग घेणाऱ्यास दंड करण्याची कलमे त्यात होती. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या दबावाखाली दुसरा मसुदा तयार झाला आणि परिषदेने तो सभासदांकडे पाठविला. त्यात रोख वेतनवाढ भरघोस होती. परंतु उपचारखर्चापैकी वर्षाला ७०० डॉलरपर्यंतचा भार कुटुंबावर पडावयाचा होता आणि सर्वांत जुन्या निवृत्तांना नव्या निवृत्तांपेक्षा बरेच कमी मिळावयाचे होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या मतदानात सभासदांनी हा मसुदा जवळजवळ दोनास एक या प्रमाणात नाकारला. तीन महिने पगार न मिळालेल्या माणसांनी रोख पैसा नाकारला, ही गोष्ट वॉशिंग्टनमध्ये कोणाच्या हिशेबात बसली नाही. ॲपालॅचियाच्या वस्त्यांतील जीवन माहीत असलेल्यास ती इतकी अनाकलनीय वाटू नये. एकाच घरात खाणीत जाणारा मुलगा आणि धापा टाकीत ओसरीवर बसलेला बाप असे, आणि दोघांचे कार्ड एकाच निधीचे असे.

दुसऱ्याच दिवशी कार्टर यांनी टाफ्ट-हार्टली अधिनियमाचा आधार घेतला. ९ मार्च रोजी न्यायालयाने कामावर परतण्याचा हंगामी आदेश दिला. खाणकामगारांनी तो पाळला नाही आणि पोलीस बळाने कोळसा निघत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. १७ मार्च रोजी न्यायाधीशांनी आदेशाची मुदत वाढविण्यास नकार दिला. दरम्यान तिसरा मसुदा झाला होता. कुटुंबावरील उपचारखर्चाची मर्यादा ७०० वरून २०० डॉलरवर आली, जुन्या निवृत्तांच्या वेतनात काहीशी भर पडली आणि शिस्तभंगाची कलमे सौम्य झाली. सौदा परिषदेने तो २२ विरुद्ध १७ अशा निसटत्या बहुमताने पुढे पाठविला. २४ मार्च रोजी सु. ५७ टक्के सभासदांनी तो स्वीकारला आणि ११० दिवसांचा संप संपला.

या निकालाचे मूल्यमापन दोन प्रकारे केले गेले आहे. दुसऱ्या व तिसऱ्या मसुद्यांतील अंतर पाहिले, तर सभासदांच्या नकाराने प्रत्येक कुटुंबाचा प्रत्यक्ष फायदा झाला, हे उघड आहे. परंतु तिसऱ्या मसुद्यानेही कामावरील खाणकामगारांचे औषधपाणी संघाच्या निधीकडून काढून प्रत्येक कंपनीच्या विमा योजनेकडे सोपविले. लूइस यांनी मिळविलेली आणि वस्त्यांतील दवाखान्यांना जगविणारी मूळ व्यवस्था मोडली ती मोडलीच. मतदानाने तिच्या मोडण्याची किंमत कमी केली. ते मोडणे थांबविले नाही. पुढाऱ्यांना अधिकार असते तर संप लवकर मिटला असता, असे म्हणणाऱ्यांनी पहिल्या मसुद्यातील दंडाची कलमे आठवावीत. ती खाणकामगारांनी पाळली असती, असे मानण्यास काहीच आधार नाही. जो करार ज्याला मान्य नाही त्याच्याकडून तो पाळून घेता येत नाही, एवढी गोष्ट खाणमालकांनाही या संपात उमगली.

बहुमताचा अर्थ काय लावावयाचा, हा १९१२ सालचा जुना वाद पुढेही सुटला नाही. अमेरिकेतील टीमस्टर्स या वाहतूक कामगारांच्या संघात करार नाकारण्यासाठी दोन-तृतीयांश मते लागत. त्यामुळे १९८७ मध्ये युनायटेड पार्सल सर्व्हिसचा करार निम्म्याहून अधिक मतदारांनी नाकारूनही लागू झाला. या नियमाविरुद्ध ओरड होऊन तो १९८८ मध्ये बदलण्यात आला. मात्र निम्म्याहून कमी सभासदांनी मतदान केल्यास जुनाच निकष लागू करण्याची सोय घटनेत राहिली. २०१८ मध्ये ५४ टक्के मते विरोधात पडूनही नेतृत्वाने त्याच कंपनीचा करार याच सोयीने अमलात आणला. ती सोय २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली.

एकदा दिलेला होकार किती काळ बोचत राहतो, याचे उदाहरण म्हणून सिॲटल परिसरातील बोइंग विमान कारखान्यांकडे पाहता येईल. नवे विमान अन्य राज्यात बांधण्याचा इशारा देऊन कंपनीने तेथील यंत्रकामगारांकडे निवृत्तिवेतनाची ठराविक रकमेची योजना गोठविण्याची मागणी केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन-तृतीयांश सभासदांनी ती नाकारली. स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध असताना मध्यवर्ती संघाने किंचित सुधारलेल्या देकारावर जानेवारी २०१४ च्या आरंभी, नाताळच्या सुटीला लागून, पुन्हा मतदान लावले आणि तो ५१ टक्के मतांनी संमत झाला. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, संघाच्या पुढाऱ्यांनीच शिफारस केलेला २५ टक्के वाढीचा मसुदा सु. ३३,००० कामगारांपुढे आला. त्यांपैकी मत देणाऱ्यांनी तो सु. ९५ टक्के मतांनी फेटाळून संप केला. ऑक्टोबरमध्ये ३५ टक्के वाढीचा देकार ६४ टक्क्यांनी नाकारला. नोव्हेंबरमध्ये ३८ टक्के वाढीचा ५९ टक्क्यांनी स्वीकारला. वाढीचा आकडा तीनदा बदलला. २०१४ मध्ये गेलेली निवृत्तिवेतन योजना मात्र परत आली नाही.

भारतात अनुमोदनाची परंपरा निराळ्या मार्गाने गेली. १९१८ च्या अहमदाबादच्या संपात गांधीजींनी गिरणी कामगारांकडून ३५ टक्के वाढ मिळाल्याखेरीज कामावर न जाण्याची प्रतिज्ञा करविली होती. प्रतिज्ञा ही एका अर्थी आधीच दिलेला कौल असते. नंतरच्या देकारावर विचार करण्यास ती जागा ठेवीत नाही. म्हणूनच तडजोडीचे स्वरूप तीनपदरी ठेवावे लागले. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा पुरी झाली. दुसऱ्या दिवशी मालकांच्या म्हणण्याप्रमाणे २० टक्के. आणि तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. लवादाने पुढे ३५ टक्केच दिले. या संपातून लवादाची जी पद्धत अहमदाबादला रुजली, तिचा प्रभाव मुंबई इलाख्याच्या कामगार कायद्यांवर पडला. मुंबईच्या गिरण्यांत मात्र १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपापासून मैदानावरील सभा आणि गिरणीवार समित्या यांची वेगळी परंपरा होती.

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ याने ही दुसरी परंपरा कायद्याबाहेर टाकली. एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगात विहित प्रमाणात सभासद असलेल्या एकाच संघास प्रातिनिधिक संघ म्हणून मान्यता देण्यात आली आणि त्याने केलेला करार त्या उद्योगातील सर्व कामगारांवर, त्याचे सभासद नसलेल्यांवरही, बंधनकारक ठरला. मुंबईच्या कापड गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. करारावर कामगारांचे मत घेण्याची अट कायद्यात नव्हती. केंद्राच्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ यानेही समेट अधिकाऱ्यासमोर झालेली तडजोड आस्थापनेतील आजच्या व पुढे येणाऱ्या सर्व कामगारांना लागू केली. त्यांना विचारण्याची गरज मानली नाही. सर्वोच्च न्यायालयाने हर्बर्टसन्स कंपनीच्या प्रकरणात (१९७६) हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. मान्यताप्राप्त संघ बोलणी करीत असताना व्यक्ती म्हणून कामगाराचा प्रश्न येत नाही आणि तडजोडीचे सर्व परिणाम प्रत्येक कामगाराला कळलेच पाहिजेत असे नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता अधिनियमात एक लक्षणीय विसंगती आढळते. मान्यताप्राप्त संघाने संपाची नोटीस देण्यापूर्वी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला पाहिजे, नाहीतर संप बेकायदा ठरतो, असे त्यात म्हटले आहे. संप मिटविण्यासाठी मात्र असा कौल लागत नाही. कामगाराला लढ्यात उतरताना मत आहे, बाहेर पडताना नाही.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे मुंबईने १९८२ मध्ये पाहिले. १९८१ च्या दिवाळीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाने बोनसबाबत केलेली तडजोड काही गिरण्यांतील कामगारांना मान्य नव्हती. ती नाकारण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता. ते घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख गिरणी कामगार सामील झाले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे इ. मागण्यांबरोबर १९४६ चा अधिनियम रद्द करावा, ही मागणीही त्यांत होती. सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनशी मालकांनी व सरकारने बोलणी केली नाहीत, कारण कायद्याने त्यांच्या लेखी प्रतिनिधी दुसराच होता. त्यामुळे एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. ज्या संघाला देकार स्वीकारण्याचा अधिकार होता, त्याच्यामागे संपकरी नव्हते. ज्याच्यामागे संपकरी होते, त्याच्याकडे कोणी देकार पाठवीत नव्हते. काही पुढारी कालांतराने संप आवरता घ्यावा या मताचे झाले असते, तरी सभासदांपुढे ठेवण्याजोगा, होय किंवा नाही म्हणता येईल असा एकही कागद त्यांच्या हाती नव्हता.

हा संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेण्यात आला नाही. कोणत्याही मसुद्यावर मतदान झाले नाही. कोणी गावाकडे कोकणात किंवा घाटावर निघून गेला, कोणी यंत्रमागावर लागला, कोणी हातगाडी घातली; आणि १९८२ च्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक महिने, ज्याला त्याला जमेल त्या दिवशी, एकेक कामगार गिरणीच्या दारात जाऊन कामावर घेता का असे विचारू लागला. काहींना घेतले गेले, अनेकांना घेतले गेले नाही, आणि कित्येक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्याच नाहीत.